पोरांची भिशी

(जळगाव, मेहरूण. मे महिन्यातली दुपार, गल्लीत उन्हाशिवाय कोणी नाही. मोहिनी आणि तिच्या सासूबाई सुनंदाबाई यांचं घर; समोर, अरुंद गल्लीपलीकडे, मोनालीचं.)

मोहिनी : आता ही कोण? आई, दार उघडू नका बरं...

सुनंदाबाई : उघडलं बी. नूतनची मेघा हाये. ये व पोरी, चपला अठी काढ. पाय भाजले का? जाय आत. बाकीची पलटण बसेलच हाये तठी.

मोहिनी : अगं मेघा, आज आमच्याकडे नाही ना! आज पोरांची भिशी मोनालीकाकूकडे. समोर. काय? कुलूप? तुम्ही सगळे तेच सांगताय. दीपू, इकडे ये रे. तुझी मम्मी कुठे गेली?

सुनंदाबाई : त्याले नको विचारू. पाठ करून आलाय तो. मी विचारलं तं हात बांधून सांगे, 'मम्मी शिरपूरला गेली आहे, संध्याकाळी येणार आहे.' घरात कधी असं बोलते का तो? शाळेत पाव्हणे आल्यावर बोलतात तसं बोलला.

मोहिनी : पोराला इथे सोडून शिरपूरला? आज तिची चिठ्ठी असताना? आई, परवा माझा पेपर आहे हो!

सुनंदाबाई : माहीत हाये मले.

मोहिनी : परवा रविवार. धुळ्याला सेंटर. पुढच्या भरतीला मी वयात बसत नाही, ही शेवटची. आजच्या दुपारवर मी सगळं ठेवलं होतं, गणितही आणि चालू घडामोडीही. तेजस! सोफ्यावरून उतर! उडी मारू नको म्हटलं ना, शेजारच्या काकांना... दीपू, तो कूलर आहे बाळा, त्यात हात घालायचा नसतो. पाणी उडवू नको. मेघा, तू तरी!

सुनंदाबाई : मेघानंच बाटली भरून देली त्याले.

मोहिनी : आणि तुम्ही बघत बसलात?

सुनंदाबाई : मंग काय करू? भिशी तुमची हाये. मी काय तिच्यात मेंबर हाये का?

मोहिनी : आई, आता टोमणे नको. प्लीज. जरा बघा ना त्यांच्याकडे. तुमचं ते काहीतरी काढा. मागच्या वेळेसारखं.

सुनंदाबाई : मागच्या वेळेसारखं काय?

मोहिनी : तेच हो, कापसाचं. तुम्ही मुक्ताईनगरहून पिशवीभर कापूस आणलेला, आणि सगळ्यांना गोल बसवून सरकी काढायला लावलीत. ज्याची सरकी जास्त तो पाटील. दुपारभर घरात आवाज नाही!

सुनंदाबाई : आन माह्या वर्षभराच्या वाती झाल्या.

मोहिनी : हो, आणि त्याच्या आधी लसूण. नूतन मला विचारते, मेघाच्या हाताला चार दिवस लसणाचा वास काहून येतोय? मी काय सांगणार तिला? की आमच्या सासूबाईंनी खेळ खेळवला आणि लोणच्याची तयारी करून घेतली?

सुनंदाबाई : खेळ फुकट, लसूण बी फुकट सोलला. कोणाचं काय गेलं? पोरं रडली का? उलट मेघा म्हणे, आजी, उद्या अजून लसूण आणशील का?

मोहिनी : तेच म्हणतेय मी! तुमच्याकडे जादू आहे. आज शेंगा आहेत ना घरात? फोडायला द्या.

सुनंदाबाई : आज नही.

मोहिनी : काय?

सुनंदाबाई : आज नही म्हटलं. आज माह्यं मन नही.

मोहिनी : आई!

सुनंदाबाई : ओरडू नको, पोरायले वाटेल हा बी खेळच हाये. पाह्य, दीपूनं तं सुरुवात बी केली ओरडायची.

मोहिनी : दीपू, चूप! सगळे आतल्या खोलीत... नको, आतल्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. इथेच बसा. मांडी घालून. हाताची घडी. जो हलेल तो... जो हलेल त्याला... आई, जो हलेल त्याला काय?

सुनंदाबाई : मले काय विचारते? शिक्षा ठरवून ठेवायची राह्यते आधी.

मोहिनी : मला हे जमत नाही, तुम्हाला माहितीये. मी एकाला आवरते तोवर दुसरा पडद्याला लटकतो.

सुनंदाबाई : मंग भिशी कशाले काढली? पैशाच्या भिशीत चिठ्ठी निघाली का बाई हसते. तुमच्या ह्या भिशीत चिठ्ठी निघाली का बाईचं तोंड उतरते. असली भिशी मी जन्मात पाह्यली नही.

मोहिनी : त्यात काय वाईट आहे? दुपारी बाहेर चटके, पोरं घरात कोंडलेली, प्रत्येकीच्या घरी तीच मारामारी. त्यापेक्षा रोज एकीने सगळ्यांची सांभाळायची, बाकीच्यांना मोकळी दुपार. चांगली कल्पना होती माझी.

सुनंदाबाई : होती ना. पहिल्या फेरीत पाह्यलं मी. नूतननं पोरायले मॉलमधी नेलं उड्या माराले. मोनालीनं पिझ्झा मागोला. मागच्या गल्लीवालीनं गच्चीवर रबराचा हौद फुगोला. दुसऱ्या फेरीले काय हत्ती आणणार होत्या का?

मोहिनी : म्हणून तर नियम केला. पर्सला हात लावायचा नाही, मोबाईल द्यायचा नाही. घरात जे आहे त्यात रमवायचं. हा नियम सगळ्यांना पटला.

सुनंदाबाई : सगळ्यायले म्हणजे कोणाले?

मोहिनी : म्हणजे... आम्हा सगळ्यांना.

सुनंदाबाई : हं.

मोहिनी : 'हं' काय? काही म्हणायचंय तर म्हणा. मला वेळ नाही आई, खरंच वेळ नाही. ही मोनाली अशी वागेल असं वाटलं नव्हतं. माझ्याकडे, नूतनकडे, मागच्या गल्लीत, सगळीकडे दीपूला पाठवलं. दुपारी मस्त झोपा काढल्या. आणि स्वतःची पाळी आली तर भिशी उचलून पळाली! पैशाच्या भिशीत असं केलं असतं तर बायकांनी घरावर मोर्चा नेला असता.

सुनंदाबाई : पळाली नही ती.

मोहिनी : कुलूप आहे ना?

सुनंदाबाई : कुलूप बाहेरून हाये. गॅलरीत ये जरा. पाह्य तिच्या खिडकीखाली. काय दिसू राह्यलं?

मोहिनी : काय? भिंत दिसतेय. ऊन केवढं आहे!

सुनंदाबाई : भिंतीवरून खाली पाह्य. ओली हाये ना जमीन? टपटप पाणी गळू राह्यलं. कूलरचं पाणी हाये ते.

मोहिनी : बंद करायचा विसरली असेल.

सुनंदाबाई : मोनाली? जी फ्रिज बंद करून गावाले जाते? ती कूलर विसरणार? अव, ह्या जळगावात मे महिन्यात माणूस कुठंबी लपेल, पण कूलरशिवाय लपता येत नही कोणाले. आतमधी बसेल हाये ती.

मोहिनी : स्वतःच्या घरात, बाहेरून कुलूप लावून? कोण असं करतं?

सुनंदाबाई : मागचं दार हाये ना बोळीत. समोरून कुलूप लावलं, पोराले इकडे पिटाळलं, आन मागून आत. फोन लाव तिले. स्पीकरवर ठेव.

मोहिनी : लावते. तेजस, उशी खाली ठेव! दीपूला मारू नको... उचलला. हॅलो, मोनाली?

मोनाली : हॅलो ताई! अरे यार, सॉरी सॉरी, तुम्हाला फोन करणारच होते. अर्जंट निघावं लागलं ना. गाडीत आहे मी. आवाज कट होतोय का?

मोहिनी : नाही, स्वच्छ येतोय. कुठपर्यंत पोचलीस?

मोनाली : हे काय, चोपडा गेलं आत्ताच. शिरपूर येईलच. काय गर्मी आहे ताई गाडीत, काय सांगू! दीपू त्रास देत नाहीये ना? गुणी आहे तो.

मोहिनी : गुणी आहे. कूलरमध्ये आहे सध्या. बरं, तो मागे कसला आवाज येतोय गं?

मोनाली : कुठला? गाडीचा.

मोहिनी : नाही, भोंग्याचा. 'जुनं लोखंड, रद्दी, प्लास्टिक, भंगार...'

मोनाली : हां, तो... रस्त्यात आहे ना कोणीतरी.

सुनंदाबाई : मोनाली, मी बोलते व. सुनंदाकाकू. आपला भंगारवाला इतक्या लवकर चोपड्याले पोचला? आमच्या दारापुढं तं आत्ता उभा हाये तो. त्याचा भोंगा मले ह्या कानानं गल्लीतून ऐकू येते आन त्या कानानं तुह्या फोनमधून.

मोनाली : बरं काकू, कुलूप काढून येते.

सुनंदाबाई : कुलूप राहू दे. मागच्या दारानं निघ, बोळीतून वळसा घालून आमच्या स्वयंपाकघरात ये. डोक्यावर पदर घे, ऊन लागेल.

मोहिनी : फोन ठेवला तिने. मला संतापच येतोय, आई. ही काय वागण्याची पद्धत झाली? समोर बसून ऐकत होती! माझी धांदल ऐकत होती!

सुनंदाबाई : येऊ दे तिले. लगेच अंगावर जाऊ नको.

मोहिनी : जाणारच आहे. मेघा, तांब्या ठेव. पाणी प्यायचंय की ओतायचंय? आली बघा. या मॅडम! शिरपूरचं हवामान कसं आहे?

मोनाली : ताई, सच्ची सांगते, मला लाज वाटतेय. बोला काय बोलायचं ते. पण आधी पाणी द्या. बोळीतून आले तर चप्पल चिकटत होती सिमेंटला.

सुनंदाबाई : घे. माठातलं हाये.

मोहिनी : तू खोटं का बोललीस मोनाली? नाही जमत म्हणून सांगायचं. मी अदलाबदल करून दिली असती. रविवारनंतर.

मोनाली : कशी सांगणार? गेल्या फेरीत सगळ्यांनी ग्रुपवर टाळ्या वाजवल्या होत्या. 'मोनालीने काय मस्त सांभाळलं, पोरं घरी यायला तयार नव्हती.' आता कुठल्या तोंडाने सांगू की मला येत नाही?

मोहिनी : येत नाही कसं? तू तर त्या दिवशी दोऱ्यावरच्या डब्यांचा फोन, चिंचोक्यांचा खेळ, ते ओल्या चादरीचं घर, किती काय काय केलंस. तेजस आठवडाभर तेच सांगत होता.

मोनाली : मी नव्हतं केलं.

मोहिनी : मग?

मोनाली : आमच्या सासूबाईंनी. मी तर बेडरूममध्ये होते. वेबसिरीज बघत होते, कानात हेडफोन घालून. चार वाजता उठून आले तेव्हा पोरं चादरीखाली बसलेली आणि आई त्यांना चिंचोके उधार देत होत्या. मी फक्त फोटो काढला.

सुनंदाबाई : बेबाबाईनं केलं ते. पाह्यलं मी गॅलरीतून.

मोहिनी : मग आज बेबाबाईंना सांगायचं होतं ना पुन्हा...

मोनाली : त्याच तर गेल्यात ना शिरपूरला! माझ्या नणंदेकडे. परवा पिशवी भरली आणि गेल्या. शिरपूर खरं आहे ताई, फक्त मी गेले नाही.

मोहिनी : अचानक?

मोनाली : अचानक कसलं. त्या भिशीच्या दिवशी संध्याकाळी दीपूचे पप्पा, भूपेंद्र, घरी आले. घर बघितलं, एक वस्तू फुटलेली नाही, दीपू शहाण्यासारखा बसलेला. म्हणाले, 'वा मोनाली, एवढी पोरं सांभाळलीस, कमाल आहे तुझी.' आणि मी... मी हसले फक्त.

सुनंदाबाई : आन बेबाबाई?

मोनाली : स्वयंपाकघरात होत्या. भाकरी थापत होत्या. आवाज थांबला थापायचा, एवढं ऐकलं मी. मग परवा मी म्हटलं, आई, शुक्रवारी आपली चिठ्ठी आहे हां. तर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'मी काय फुकटनी शे का?' फुकटची आहे का म्हणे मी. बस्स. पिशवी भरायला घेतली.

मोहिनी : एवढ्यावरून?

सुनंदाबाई : एवढ्यावरून म्हणते ही.

मोहिनी : तसं नाही आई...

सुनंदाबाई : मोहिनी, मले एक सांग. तो नियम झाल्यापासून आपल्या घरी भिशी किती वेळा आली?

मोहिनी : दोनदा.

सुनंदाबाई : दोन्ही दुपारी तू कोठी होती?

मोहिनी : आतल्या खोलीत. अभ्यास करत होते. तुम्हीच म्हणालात, तू जा, मी पाहते.

सुनंदाबाई : म्हटलं ना. आन ज्या दिवशी दुसऱ्यायची पाळी, त्या दिवशी?

मोहिनी : तेव्हाही अभ्यासच.

सुनंदाबाई : म्हणजे तुह्यी दोन्हीकडून जमाच जमा. नूतनच्या घरी कोण सांभाळते? मंदाबाई. पायाले पट्टा बांधून बसते बिचारी. मोनालीकडे बेबाबाई. अठी मी. खर्च बंद करायचा नियम केला तुम्ही, त्या दिवसापासून गल्लीतल्या म्हाताऱ्या कामाले लागल्या. चिठ्ठ्या सुनांच्या नावाच्या आन पोरं सासवांच्या मांडीवर. फुकटात रमतात म्हणे पोरं. फुकट कोण हाये, ते नही पाह्यलं कोणी.

मोनाली : काकू, असं एकदम...

सुनंदाबाई : तू गप बस. तुले तं चोपड्याले सोडून येईन मी.

मोहिनी : आई, तुम्ही कधी बोलला नाहीत.

सुनंदाबाई : तुह्या पेपरमुळं बोलली नही. ठरवेल होतं, रविवार जाऊ दे, मंग बोलीन. पण माह्या हितेंद्रचा फोन आला होता आपल्या पाळीच्या रात्री धुळ्याहून. तुले म्हणे, 'नोकरीचा अभ्यास करून इतकी पोरं रमवते, मानलं तुला.' स्पीकर चालू होता तुह्या फोनचा.

मोहिनी : मी सांगणार होते त्याला.

सुनंदाबाई : काय सांगणार होती?

मोहिनी : की तुम्ही... दीपू, एक मिनिट थांब रे! थांब म्हटलं ना!

सुनंदाबाई : राहू दे. मी काय शाबासकीसाठी बसेल नही. शाबासकी घालायची कशात? भाजीत?

मोहिनी : मग काय पाहिजे तुम्हाला? सांगा ना. रागावून बसू नका आज. आजचा दिवस नको.

सुनंदाबाई : चिठ्ठी पाहिजे.

मोहिनी : कसली चिठ्ठी?

सुनंदाबाई : तुमच्या डब्यात माह्या नावाची. मंदाबाईच्या नावाची. बेबाबाई परत आली का तिच्या बी. पोरं सांभाळायची नही, ती तं आम्ही सांभाळतोच. मोकळ्या दुपारची. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी आमाले कोणी हाक मारायची नही. चहा नही, 'आई, किल्ली कोठी ठेवली' नही, 'आजी, भूक लागली' नही.

मोनाली : काकू, काय करणार मग तुम्ही? कुठे जाणार एवढ्या उन्हात?

सुनंदाबाई : कोठी जाणार? झोपीन. भिंतीकडं तोंड करून झोपीन.

मोनाली : म्हणजे?

सुनंदाबाई : हे घर झालं तवापासून दाराकडं तोंड करून झोपते मी. पोरगा उठला का, दूधवाला आला का, गॅस चालू राह्यला का. एक दुपार भिंतीकडं तोंड करून झोपायची हाये मले. इतकंच.

मोहिनी : देते. नक्की देते, आई. रविवारनंतर पहिली चिठ्ठी तुमची.

सुनंदाबाई : रविवारनंतर काय? सोमवारी तू थकेल राहशील. मंग निकालाची वाट. मंग तेजसची शाळा. तुमचं 'नंतर' मले पाठ हाये व.

मोहिनी : पण आज कसं शक्य आहे? आज पोरं इथे आहेत, मोनालीला जमत नाही असं ती स्वतःच म्हणतेय, आणि मला... आई, आज दुपार गेली तर गेलंच सगळं. उद्या हितेंद्र येणार, परवा पहाटेची गाडी. एवढी एक दुपार द्या मला. पाया पडते.

सुनंदाबाई : पाया कशाले पडते? तू 'बसा' म्हण, मी बसते. कधी नही म्हटलं का मी? शेंगा डब्यात हायेत. सूप काढते, पोरायले गोल बसवते. जाय तू आत. म्हण ना, 'बसा'.

मोनाली : म्हणा ना ताई. काकू तयार आहेत. मी पण बसते मदतीला.

सुनंदाबाई : मी वाट पाहू राह्यली.

मोहिनी : तेजस, तो पडदा सोड. मेघा, आवाज कमी. एक मिनिट सगळे गप्प राहा रे, फक्त एक मिनिट. मला विचार करू द्या.

मोनाली : ताई?

मोहिनी : आई, तुमच्या खोलीतला छोटा कूलर चालू करते.

सुनंदाबाई : दुपारचा? बिल कोण भरेल?

मोहिनी : भिशी भरेल. जा तुम्ही. दार लावून घ्या.

सुनंदाबाई : आन तुह्या अभ्यासाचं?

मोहिनी : माझं मी बघते. जा ना, नाहीतर मी पुन्हा 'बसा' म्हणून बसेन.

मोनाली : ओ काकू, जाऊ नका एकदम! निदान काहीतरी सांगून जा. एक खेळ. फक्त एक. मी तर हँग होते पोरं बघून.

सुनंदाबाई : तुले एक सांगते, नीट ऐक. 'राजा झोपला' खेळ. चटई टाक कूलरसमोर. एकजण राजा, त्यानं डोळे मिटून पडायचं. त्याच्या उशाशी चिंचोके ठेव. बाकीच्यायनं आवाज न करता एकेक चिंचोका चोरायचा. राजाले चाहूल लागली का चोर पकडला.

मोनाली : आणि पकडला की त्याला बाद?

सुनंदाबाई : बाद कशाले? बाद झालेलं पोरगं दंगा करते. पकडला का तो राजा. त्यानं पडायचं.

मोनाली : ही कसली शिक्षा? राजा व्हायला तर सगळे मुद्दाम आवाज करतील.

सुनंदाबाई : करू दे. जो जास्त दंगा करेल तो जास्त वेळ आडवा पडेल. समोर कूलर, डोळे मिटेल, पोटात दुपारचं जेवण. किती वेळ जागा राहील? मुक्ताईनगरले माह्या जावेची पाच पोरं अशीच झोपोली मी. पहिला राजा दीपूले कर.

मोनाली : काकू, तुम्ही डेंजर आहात.

सुनंदाबाई : चिंचोके फडताळात, लाल डब्यात. आता मले हाक मारायची नही. चालली मी.

मोहिनी : जा आई. झोपा.

मोनाली : दीपू! चल, तू राजा. अरे उभा राहून नाही, आडवा! डोळे मिट. नाही, एक डोळा पण उघडा नाही चालणार... ताई, तुम्ही जा आत, वाचा. मी करते ट्राय.

मोहिनी : आत कुठे जाऊ? आत गेले की तू पाच मिनिटांनी आईंचं दार वाजवशील. मी इथेच बसते, त्यांच्या दाराला टेकून.

मोनाली : इथे वाचता येईल? एवढ्या कालव्यात?

मोहिनी : नाही येणार. तेजस, मेघा, तुम्ही मोठे आहात ना? राजाचा खेळ छोट्यांचा. तुम्ही इकडे या. हे घ्या पुस्तक. आज तुम्ही मास्तर, मी विद्यार्थी. इथून प्रश्न वाचायचा. माझं उत्तर मागच्या पानाशी जुळवायचं. चुकलं तर मला शिक्षा.

मोनाली : काय शिक्षा?

मोहिनी : ठरवून ठेवायची असते आधी. कान धरून उठाबशा. खऱ्या. सूट द्यायची नाही, तेजस.

मोनाली : बघा बघा, चेहरे कसे उजळले! पोरांना आईला उठाबशा काढायला लावायच्यात.

मोहिनी : वाच. 'एक काम दहा मजूर सहा दिवसांत करतात, तर...' हां. चार दिवसांत. पंधरा मजूर. बरोबर? पुढे. अगं हळू, पण वाच भराभर. काय? चुकलं? दाखव. खरंच चुकलं. घ्या, धरले कान.

मोनाली : ताई, चौथी उठाबशी झाली तुमची.

मोहिनी : हसू नको, चोर पकड तुझे. हा प्रश्न मी तीनदा चुकले होते, आता गुडघ्यांच्या लक्षात राहील. पुढचा, मेघा.

मोनाली : ताई... ताई, इकडे बघा. दीपू झोपला. खरंच झोपला! घोरतोय! माझा दीपू दुपारचा झोपला, वर्षात पहिल्यांदा.

मोहिनी : दुसरा राजा कर.

मोनाली : केला. तो पण जांभया देतोय. अरे यार, पण या उरलेल्या दोघांना राजा व्हायचंच नाही म्हणे. ते म्हणतात आता दुसरा खेळ. आता काय करू? काकूंना एकच विचारते हं, दारातूनच, हळूच. काकू...

मोहिनी : मोनाली. आई घरी नाहीत.

मोनाली : अहो काय ताई, आत्ता तर माझ्यासमोर...

मोहिनी : शिरपूरला गेल्यात. बाहेरून कुलूप आहे.

मोनाली : पण आत कूलर चालू आहे, ऐकू येतोय.

मोहिनी : असू दे चालू. मेघा, पुढचा प्रश्न.